दप्तराची झडती

मास्तर : विद्यार्थ्यांच्या कायदेशीर हक्कांविषयी आपण ज्या आस्थेने बोलता, वकीलसाहेब, ती आस्था मला खोटी वाटत नाही, परंतु ज्याचे सारे आयुष्य खडूफळ्यात गेले त्याला तिच्या मुळाशी एक गैरसमज दिसतो, आणि तो आज मोकळेपणी मांडण्याची मुभा असावी. मूल आईबापांच्या हातून शिक्षकाच्या हाती येते तेव्हा आईबापांच्या अधिकाराचा काही अंश त्याजबरोबर येतो. तो अधिकार रागावण्याचा आहे तसाच पाठीशी घालण्याचाही आहे, आणि ज्या अधिकाराच्या प्रत्येक वापराची कैफियत उद्या न्यायासनापुढे द्यावी लागणार, त्याने रागावणे जितके अवघड होते तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, पाठीशी घालणे अवघड होते. मुलगी न्यू जर्सीत राहते म्हणून तिकडच्या शाळांचा कारभार मला थोडाबहुत पाहावयास मिळाला. तेथील शिक्षक सौजन्यशील आहेत, अभ्यासू आहेत. पण वर्गात कोणी फारच उद्धटपणा केला की ते स्वतः काही करीत नाहीत, फोन उचलून कार्यालयाला कळवितात, आणि प्रकरण वाढले तर कार्यालयाकडून जो येतो त्याच्या कमरेला पिस्तूल असते. एकीकडे प्रत्येक मुलाच्या तोंडी हक्कांची भाषा आणि दुसरीकडे शाळेच्या व्हरांड्यात गणवेषधारी पोलीस, या दोन गोष्टी एकाच समाजात शेजारीशेजारी नांदाव्यात हा मला योगायोग वाटत नाही. शिक्षकाचा अधिकार काढून घेतला. अधिकाराची जागा रिकामी राहत नसते. म्हणून तेथे पोलीस येऊन बसला, असे माझे म्हणणे आहे.

वकील : मांडणी रेखीव आहे, मास्तर, परंतु तिच्यातील कालक्रम उलटा आहे. शाळेत कायमचा पोलीस नेमण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरी १९५० च्या दशकात झाला. त्या वेळी, ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही असे सांगणारा १९४३ चा निकाल वगळला तर, शाळेच्या शिस्तीविरुद्ध विद्यार्थ्याने दाद मागावी असे फारसे काही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी नव्हते. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून वर्गात बसलेल्या मुलांना शाळेने घरी पाठविले, त्यावरचा टिंकर खटल्याचा निकाल १९६९ चा. शाळेतून निलंबित करण्यापूर्वी मुलाचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे सांगणारा गॉस खटल्याचा निकाल १९७५ चा. म्हणजे पोलीस आधी आला आणि हक्क मागाहून. त्याची मोठी भरती झाली ती १९९९ साली कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कुलात दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या संहारानंतर, केंद्र सरकारने शहरोशहरी अनुदाने दिली तेव्हा. त्या भरतीमागे भय होते. शिक्षक दुबळा झाल्याची तक्रार नव्हती. आणि शिक्षकाच्या हातची छडी न्यायालयांनी हिरावून घेतली, हे तर मुळीच खरे नाही. मायामीच्या एका शाळेत १९७० साली एका मुलाला लाकडी फळीचे वीसहून अधिक तडाखे देण्यात आले. रक्त साकळून तो कित्येक दिवस शाळेत जाऊ शकला नाही. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय असा झाला की, क्रूर शिक्षेविरुद्धचे घटनेचे कलम तुरुंगातील कैद्यासाठी आहे, शाळेतील मुलासाठी नाही. त्या देशातील काही राज्यांत, विशेषतः दक्षिणेकडे, शाळेतील मार अद्यापि कायदेशीर आहे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने जे निषिद्ध केले, ते टेक्सासात चालते. आणि त्याच टेक्सासात कितीतरी शाळा-जिल्ह्यांनी स्वतःची पोलीस दले बाळगली आहेत. आपला सिद्धांत खरा असता तर जेथे छडी शाबूत राहिली तेथे पोलीस यायला नको होता.

मास्तर : कालक्रमापुरता मी हार मानतो, सिद्धांतापुरता नव्हे. गॉस खटल्याचेच घ्या. त्याने काय दिले? दहा दिवसांपर्यंत शाळेबाहेर ठेवावयाचे असेल तर आरोप काय तो तोंडी किंवा लेखी सांगा, मुलाने तो नाकारला तर पुरावा काय तो सांगा, आणि त्याची बाजू ऐका. वकील नाही, साक्षीदारांची उलटतपासणी नाही. यास आपण घटनात्मक सुनावणी म्हणता. आमच्या काळी यास 'काय झाले ते सांग बघू' असे म्हणत, आणि त्यासाठी वॉशिंग्टनच्या नऊ न्यायाधीशांची गरज पडत नसे, ज्यांत पुन्हा चौघे विरुद्ध मताचे निघाले. जे चांगला शिक्षक स्वभावतःच करतो ते हुकमाने करावयास लावले म्हणजे वाईट शिक्षक सुधारतो असे नाही. तो फक्त नोंदवही नीट ठेवू लागतो.

वकील : वाईट शिक्षकाने नोंदवही नीट ठेवली, तरी मला पुष्कळ वाटते. आपण आपल्यासारख्या शिक्षकाला प्रमाण धरून बोलता, आणि कायद्याला नेमके तेच करता येत नाही. मायबापपणाच्या ज्या अधिकाराचे आपण गोडवे गाता त्याचा इतिहास थोडा पाहा. केंटकी राज्यात बेरिया नावाचे महाविद्यालय आहे. त्याच्या समोर एकाचे खाणावळवजा हॉटेल होते. महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना बाहेरच्या असल्या जागी जाण्यास मज्जाव केला, हॉटेलवाला कोर्टात गेला, आणि १९१३ साली तेथील न्यायालयाने सांगितले की महाविद्यालय विद्यार्थ्यांच्या आईबापांच्या ठिकाणी आहे, तेव्हा त्यांनी कोठे जेवावे हे ते ठरवू शकते. आता १९६० सालच्या मंटगमरीकडे या. अलाबामा स्टेट कॉलेजचे कृष्णवर्णीय विद्यार्थी न्यायालयाच्या इमारतीतील गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले; आणि राज्याच्या गव्हर्नरांचा दबाव आल्यावर त्यांच्यापैकी काहींना महाविद्यालयाने कोणतीही सुनावणी न देता बडतर्फ केले. अधिकार तोच, हॉटेलात जाऊन बसण्याचा गुन्हाही तोच. पण सत्तेचाळीस वर्षांत त्या अधिकाराच्या पोटात काय दडले होते ते उघड झाले. मायबाप म्हणविणाऱ्या संस्थेने राज्यकर्त्यांच्या मर्जीसाठी आपली लेकरे रस्त्यावर टाकली. १९६१ साली डिक्सन खटल्यात अपील न्यायालयाने सरकारी महाविद्यालयांपुरता तो मायबापपणा मोडीत काढला. नोटीस द्या, म्हणणे ऐका, मग काढा, असे सांगितले. मला तो निकाल मायेच्या विरुद्ध वाटत नाही. माया जेथे आटते तेथून पुढच्या वाटेची ती व्यवस्था आहे.

मास्तर : मंटगमरीच्या विद्यार्थ्यांपुढे माझे मस्तक नमते, त्यांच्याविषयी वाद नाही. वाद आहे तो असा की, हे जे हक्क आपण ग्रंथालयाच्या फळीवरून काढून दाखविता ते प्रत्यक्ष झटापटीच्या क्षणी मुलाच्या किती उपयोगी पडतात? मुलगी ज्या भागात राहते तेथून जवळच पिस्कॅटवे आहे. एडिसन-पिस्कॅटवेचा तो टापू आता गणपती-दिवाळी साजरी करणाऱ्या आपल्या लोकांनी भरून गेला आहे. तेथील हायस्कुलात १९८० साली चौदा वर्षांच्या एका मुलीला स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना शिक्षिकेने पकडले. उपमुख्याध्यापकांपुढे ती म्हणाली, मी ओढतच नाही. त्यांनी तिची पर्स उघडली. सिगारेटी निघाल्या, सिगारेट वळण्याचा कागद निघाला, म्हणून आणखी आत पाहिले तर गांजा, आणि कोणाकडून किती पैसे येणे आहेत याची यादी. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले? शाळेतील झडतीलाही घटना लागू आहे, असे मोठ्या आवाजात. आणि न्यायाधीशाचा झडतीहुकूम नको, गुन्ह्याची सबळ शक्यता नको, रास्त संशय असला की पुरे, असे हलक्या आवाजात. उपमुख्याध्यापकांनी जे केले ते रास्त ठरले. मी तेथे असतो तर मीही पर्स उघडली असती, हे आपल्यापाशी कबूल करतो. पण मग हक्क कोठे राहिला? ॲरिझोनातील सॅफर्ड गावी तेरा वर्षांच्या मुलीने डोकेदुखीच्या गोळ्या लपविल्याच्या संशयावरून शाळेच्या दोन स्त्री-कर्मचाऱ्यांनी तिला अंतर्वस्त्रांपर्यंत उतरवून तपासले. आयबुप्रोफेनची चारशे मिलिग्रॅमची गोळी, साहेब! काहीही निघाले नाही. सहा वर्षांनी, २००९ साली, न्यायालय आठ विरुद्ध एक मतांनी म्हणाले की हे घटनाबाह्य झाले. आणि त्याच श्वासात म्हणाले की त्या वेळी कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता, म्हणून अधिकाऱ्यांवर व्यक्तिशः नुकसानीचा दावा चालणार नाही. म्हणजे मुलीला निकाल मिळाला आणि अधिकाऱ्यांना मोकळीक. आणि त्या १९४३ च्या ध्वजनिकालाचे काय झाले तेही पाहा. २०१९ साली फ्लोरिडातील लेकलँड गावी अकरा वर्षांच्या मुलाने ध्वजप्रतिज्ञेला उभे राहण्यास नकार दिला. तो हक्क पाऊणशे वर्षांचा जुना. बदली शिक्षिकेने हुज्जत घातली, कार्यालयाला कळविले, पोलीस आला, आणि मुलगा अटकेत गेला. पोलिसांचे म्हणणे असे की अटक प्रतिज्ञेसाठी नव्हती. शाळेच्या कामात व्यत्यय आणला आणि पोलिसाला विरोध केला म्हणून होती. खटला पुढे चालविला गेला नाही, हे खरे. पण हक्क अबाधित राहून मूल अटकेत जाऊ शकते, या चमत्काराला आपल्या शास्त्रात काय म्हणतात?

वकील : आपण मर्मावर बोट ठेवले आहे, आणि मी ते नाकारणार नाही. हक्क झटापट थांबवीत नाही. झटापटीनंतर हिशेब मागतो, आणि तोही पुष्कळदा उशिरा. म्हणून अशिलाच्या मुलाला मी पहिली गोष्ट सांगतो ती ही की, पोलिसाशी वर्गात वाद जिंकावयाचा नसतो. हात झटकू नये, पळू नये, नाव सांगावे, झडतीला माझी संमती नाही एवढे शांतपणे म्हणावे, पण दप्तर धरून ठेवू नये, मी जाऊ शकतो का, असे विचारावे, आईबापांना बोलवा म्हणावे, आणि त्यापुढे गप्प राहावे. आपण म्हणाल, एवढ्या मोठ्या घटनेचा एवढा लहान अर्क! परंतु उशिराचा हिशेब अगदीच निष्फळ असतो असे नाही. दक्षिण कॅरोलिनातील स्प्रिंग व्हॅली हायस्कुलात २०१५ साली एका मुलीने मोबाइलच्या कारणावरून वर्गाबाहेर जाण्यास नकार दिला, तेव्हा शाळेत नेमलेल्या पोलिसाने तिला बाकासह उलथून फरफटत नेले. वर्गातील दुसऱ्या मुलीने त्याविरुद्ध आवाज उठविला म्हणून तिलाही अटक झाली. दोघींवर आरोप एकच, शाळेत व्यत्यय आणल्याचा, आणि तो कायदा होता १९१९ सालचा. पण मुलांनी काढलेली चित्रफीत देशभर पाहिली गेली. पोलीस बडतर्फ झाला; तीन वर्षांत विधिमंडळाने कायदा बदलून शाळेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना त्यातून वगळले; आणि २०२३ साली अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, 'व्यत्यय' या मोघम शब्दाखाली शाळकरी मुलांवर फौजदारी करणे मुळातच घटनेविरुद्ध होते. त्या दोन मुलींना तो दिवस परत मिळाला नाही, परंतु त्यांच्यामागून येणाऱ्यांना मोघम आरोपाची ती फौजदारी चुकली.

मास्तर : कॅलिफोर्नियाचा न्याय यापेक्षा अधिक विनोदी आहे. डेव्हिस येथील विद्यापीठात २०११ साली शांतपणे जमिनीवर बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर विद्यापीठाच्याच पोलिसाने मिरपुडीचा फवारा मारला. तडजोडीत फिर्यादी विद्यार्थ्यांना प्रत्येकी तीस हजार डॉलर मिळाले. आणि नोकरीतून काढलेल्या त्या पोलिसाला, या प्रकरणातून झालेल्या मनस्तापाची भरपाई म्हणून, अडतीस हजारांहून अधिक. हिशेब कोणाचा कोणाकडे निघाला ते आपणच पाहा.

वकील : त्या आकड्यावर माझ्यापाशी उत्तर नाही, हसण्यापलीकडे त्याचे काही करता येत नाही. मात्र आपण आता विद्यापीठात येऊन पोहोचला आहात, आणि तेथे प्रश्न थोडा निराळा होतो. त्यांची पोलीस दले फाटकावरच्या पहारेकऱ्यांची नव्हेत. येल विद्यापीठाने तर १८९४ सालीच आपले पोलीस नेमले. अटकेचा पूर्ण अख्त्यार असलेले ते शपथबद्ध पोलीस असतात आणि घटनेची बंधने त्यांना शहर-पोलिसांइतकीच लागू असतात. विद्यार्थीही सज्ञान असतो. म्हणून तेथे मला भीती कमी वाटते.

मास्तर : आपल्याला कमी वाटते कारण आपला अशील तेथील नागरिक आहे. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्या आपल्या मुलाचा विचार करा. २०२५ च्या वसंतात तेथील सरकारने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी एकाएकी रद्दबातल केल्या. त्यांत भारतीयही होते, आणि कित्येकांच्या बाबतीत निमित्त होते ते केव्हातरी पोलिसांशी आलेल्या किरकोळ संबंधाचे, ज्यात खटला निकाली निघून मुलगा निर्दोष सुटलेला होता. न्यायालयांत दावे दाखल झाले, तेव्हा महिन्याभरात सरकारला नोंदी पूर्ववत करणे भाग पडले. हा आपल्या हक्काचा विजयच. पण त्या महिन्याभरात परीक्षा तोंडावर असताना सामान बांधावे की थांबावे हे ज्याला ठरवावे लागले, त्याच्या बापाला मी काय सांगू? तुझा मुलगा पोलिसापुढे गप्प राहिला हे कायद्याने योग्यच होते, परंतु पोलिसाच्या वहीत त्याचे नाव आले हेच पुरे झाले, असे?

वकील : तसेच सांगावे लागेल, आणि लगोलग वकील गाठा असेही. पण आपण विषयाच्या कडेला गेलो. मला आपली मूळची गोष्ट अजून सतावते आहे. पोलीस शिक्षकाच्या जागी येऊन बसला, ही. कारणमीमांसा चुकली, तरी निरीक्षण चुकलेले नाही.

मास्तर : मग तेच पुरते बोलू द्या. मुलीने मला शाळेची पुस्तिका वाचावयास दिली होती. शाळेतील पोलिसाचे काम तीन प्रकारचे मानतात, असे तिकडे सर्वत्र सांगतात : तो कायद्याचा अंमलदार, तो शिक्षक, आणि तो समुपदेशक. सकाळी तो वर्गात येऊन अमली पदार्थांचे दुष्परिणाम समजावतो, दुपारी मधल्या सुट्टीत मुलांशी बास्केटबॉल खेळतो, घरी काही त्रास आहे का म्हणून विचारपूस करतो. आणि संध्याकाळी हातात बेड्या घालतो. माणूस भला असेल, मी शंका घेत नाही. पण मूल त्याच्यापाशी मन मोकळे करते ते कोणापाशी? शिक्षकापाशी म्हणावे तर जबाब न्यायालयात जातो. पोलिसापाशी म्हणावे तर मुलाला तसे कोणी सांगितलेले नसते. मी इतका वेळ म्हणत होतो की मुलाला हक्क फार झाले. आता मला असे वाटू लागले आहे की या एका माणसापुढे उभे राहताना त्याला ना शिक्षकाची माया मिळते, ना नागरिकाचे संरक्षण.

वकील : हेच कायद्यातील सर्वांत पातळ ठिकाण आहे. पिस्कॅटवेच्या त्या निकालात न्यायालयाने सौम्य कसोटी शिक्षकाला दिली, कारण शिक्षकाला फौजदारी कायद्याचे बारकावे शिकून बसणे शक्य नाही आणि त्याचा हेतू शिक्षेचा नसून शाळा चालविण्याचा आहे. पोलिसांच्या सांगण्यावरून किंवा त्यांच्यासह झडती झाली तर काय, हा प्रश्न न्यायालयाने स्पष्ट शब्दांत उघडा ठेवला. पुढे खालच्या न्यायालयांनी पुष्कळशा खटल्यांत शाळेत नेमलेल्या पोलिसालाही शाळेचाच अधिकारी मानले, आणि शिक्षकासाठी केलेली सवलत त्याच्या गणवेषाला मिळाली. जबाबाच्या बाबतीत थोडी प्रगती आहे. कोठडीतील माणसाचा जबाब घेण्यापूर्वी त्याला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगावा लागतो, हे १९६६ पासून ठरलेले. पण मुख्याध्यापकांच्या खोलीतील तेरा वर्षांचा मुलगा कोठडीत आहे काय? उत्तर कॅरोलिनात अशा एका मुलाला वर्गातून उठवून बंद दाराआड दोन पोलीस आणि शाळेचे अधिकारी यांनी अर्धा-पाऊण तास विचारले. उपमुख्याध्यापकांनीच त्याला खरे सांगून मोकळा हो असा उपदेश केला, आणि तो मोकळा झाला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी एवढेच सांगितले की, आपण उठून जाऊ शकतो असे त्याला वाटले असेल काय, हे ठरविताना त्याचे वय हिशेबात घ्यावे. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून आणखी पुढचे पाऊल टाकले : सतरा वर्षांपर्यंतच्या मुलाने कोठडीत जबाब देण्यापूर्वी वकिलाशी बोललेच पाहिजे, तो हक्क त्याला सोडताही येत नाही.

मास्तर : आणि त्या उपमुख्याध्यापकांनी काय करावयास हवे होते? मुलाला खरे बोल असे सांगणे हा शिक्षकाचा धर्म आहे. खरे बोलू नकोस, गप्प राहा, हे मी माझ्या विद्यार्थ्याला कोणत्या तोंडाने सांगू?

वकील : दाराबाहेर पोलीस नसेल तर खरे बोल म्हणा, आणि ऐकून आपल्या अधिकारात काय ते करा. पोलीस आत असेल तर त्याला आईबाप येईपर्यंत थांबवा. दोन्ही एका खोलीत करू नका. माझ्या हाती असते तर मी नियम असा केला असता की, समुपदेशक म्हणून पोलिसाने जे ऐकले ते न्यायालयात पुरावा म्हणून रुजू होणार नाही.

मास्तर : नियम सुरेख आहे. पण समजा, बास्केटबॉल खेळताखेळता मूल त्या पोलिसाला सांगते की माझ्या मित्राच्या दप्तरात पिस्तूल आहे. कोलंबाइनमध्ये त्या दिवशीही एक सशस्त्र पोलीस नेमलेला होता, आणि २०२२ साली टेक्सासातील युवाल्डीत शाळेचे स्वतःचे पोलीस असून शाळेतील गोळीबारात एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. पोलीस तासाहून अधिक वेळ दाराबाहेर उभे होते. तेव्हा त्यांच्या शौर्यावर माझी भिस्त नाही. पण तशी बातमी कळली, तर त्याने कोणाचाही हुकूम न मागता ते दप्तर त्याच क्षणी उघडावे असे मला वाटेल. त्याच वर्गात माझा नातू बसलेला असतो.

वकील : मलाही वाटेल. आणि दप्तरात काहीच निघाले नाही, तर ज्याचे ते दप्तर होते त्या मुलाला उद्या त्याच पोलिसाच्या वर्गात बसवून, घरी काही त्रास असेल तर यांना सांग, असे आपण म्हणाल काय?